विल हॅव

मंगळवारी सात वाजता, ग्रिम्सबीच्या वाचनालयात,
बालविभागाच्या बुटक्या खुर्च्यांवर
गुडघे पोटाशी घेऊन
आम्ही सहा मोठी माणसं काळ शिकतो.

दोनदा साबण लावूनही
माझ्या हातांना कॉडचा वास आहे.
शेजारच्या दानुताच्याही. एकाच पट्ट्यावर
दिवसभर मासे कापतो आम्ही,
म्हणून कुणी कुणाला हुंगत नाही.

मिसेस थॉर्नली फळ्यावर आडवी रेघ ओढतात.
डाव्या टोकाला काल, मधे आज,
उजवीकडे दूर एक फुली.
"या फुलीवर जाऊन उभे राहा," त्या म्हणतात,
"आणि मागे वळून बघा.
जे अजून झालेलं नाही, ते तिथून झालेलं दिसेल."

योहानेस विचारतो,
फुलीपर्यंत जायला व्हिसा लागतो का.
आम्ही हसतो. तो हसत नाही.

मला देवगडचे खोबरेकर मास्तर आठवतात.
पूर्ण भविष्यकाळ: मी आंबा खाल्ला असेल.
अख्खा वर्ग बाकं वाजवत घोकायचा.
कुणीच विचारलं नाही की
स्वतः खाल्लेल्या आंब्याबद्दल
माणसाला इतकी शंका का असावी.

आमच्याकडे हा काळ पुढे जातच नाही, बाई.
तो तिन्हीसांजेला दाराशी येऊन उभा राहतो,
कपाळावर आडवा हात धरून:
गाडी घाट उतरली असेल.
पोरगी जेवली असेल.
होडी लागली असेल बंदराला.
तुमचं 'विल हॅव' तारीख मागतं,
किती वाजेपर्यंत ते मागतं.
आमचं 'असेल' काहीच मागत नाही.
असेल बुवा.
नसेलही.

हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला येत नाही,
म्हणून मी म्हणते,
"येस, मिसेस थॉर्नली."

मग कागद वाटले जातात. गाळलेल्या जागा भरा.
दोन हजार तीसपर्यंत मी अमुक अमुक केलेलं असेल.
दानुतानं एका दमात, पेन न उचलता,
सगळं कर्ज फेडून टाकलं.
मिस्टर फाम यांनी दुकान काढलं,
वर पाटीचा रंगही लिहिला, हिरवा.
योहानेसनं मुलीला इकडे आणलं,
मग खोडलं,
मग पुन्हा आणलं.
कागद तिथे फाटला.

माझी जागा गाळलेलीच.
फुलीवर जाऊन उभी राहिले मी, नाही असं नाही,
पण तिथून मागे वळायचं
म्हणजे आईचं वय मोजावं लागतं.

साडेआठला मिसेस थॉर्नली कोट चढवतात,
दारावर चिकटवलेला कौन्सिलचा कागद
जणू पहिल्यांदाच वाचतात,
आणि कोटासकट फळ्याकडे परत येतात.
'एप्रिलपर्यंत हे वाचनालय बंद झालेलं असेल.'
"बघा," त्या म्हणतात, "क्रियापद अगदी बरोबर आहे."
मार्कर सुकत आला होता.
'असेल'च्या जागी दोन शब्द, दोन्ही फिके.
उतरवून घेतलं आम्ही सगळ्यांनी.
दानुतानं खाली रेघसुद्धा मारली.

बसस्टॉपवर गोदीचा वारा थेट कानात शिरतो.
फोन हातात घेते. तिकडे दोन वाजलेत.
आई झोपली असेल.
हे वाक्य त्या रेघेवर कुठे बसवायचं
ते विचारायचं राहून गेलं.
आजच्या डावीकडे? उजवीकडे?
की रेघेच्या खाली, जिथे फळा पुसायचं फडकं असतं?

फोन खिशात टाकते.
बस गेली असेल.
किंवा यायची असेल.
उभी राहते.